नांदेचा पहिला कपडा

३ जून २०२४, सोमवार, सकाळचे ११.२०

पेटीतली पुस्तके फळीवर लावता लावता हे लिहीत आहे. आमच्या गावाहून, सोसल्याहून, पहिल्या बसने आलो. म्हैसूरच्या हिनकलला शंभूकाकांच्या घरामागची खोली मिळाली. काका वडिलांचे चुलतभाऊ, तरी भाडे दोन हजार. पूर्वी इथे आमच्या रंगारी लोकांचे कापड रंगवायचे काम चाले. कोपऱ्यात निळीची जुनी नांद आहे, अर्धी जमिनीत पुरलेली, वर दगडी झाकण. त्यावरच लॅपटॉप ठेवला. उंची अगदी बेताची.

लॅपटॉप आईच्या बांगड्या गहाण ठेवून घेतला आहे. आजोबा रणोजीरावांच्या वहीतल्या रंगांच्या कृती ब्लॉगवर द्यायच्या, बाजूला जाहिराती. शंभर डॉलर साठले की कंपनी पैसे पाठवते. दसऱ्याआधी बांगड्या सोडवायला सुरुवात तरी करायची. वनजाकाकूंनी गरम चित्रान्न, लिंबू पिळलेला भात, दिले. मन प्रसन्न आहे.

६ जून, गुरुवार

बादलीत नीळ कालवून एक रुमाल रंगवला. फोटोसह पहिला लेख टाकला. शुद्धलेखन दोनदा तपासले.

काका बघायला आले. म्हणाले, नवा रंग लावला की पहिला कपडा नांदेचा. तो झाकणावर ठेवायचा, त्यावर पैसा घ्यायचा नाही. मी म्हटले, मी विकत नाही, दाखवतो; बघितल्याचे पैसे मिळतात. काका हसले. “अय्यो, बघायचे पण पैसे? मग तू आमच्याहून मोठा रंगारी, विश्वा.”

१३ जून, गुरुवार

सात दिवसांत चार सेंट. वाचक सात, त्यांतले पाच आईने सांगितलेले शेजारी. दहावीनंतर शाळा सोडली तेव्हाही इतका थकलो नव्हतो.

१८ जून, मंगळवार

दुपारी दोन चाळीसला ब्लॉगवर कोणी एक रोज येते. गाव म्हैसूर. फक्त रुमालाचा लेख उघडते, तासभर थांबते, जाहिरातींवर क्लिक करते. खात्यात एकोणीस डॉलर. आनंद व्हायला हवा.

आपल्याच घरातून क्लिक झाले तर कंपनी खाते बंद करते, म्हणून चौकशी केली. काकांचा फोन साधा, बटणांचा. काकू त्या वेळी झोपलेल्या असतात.

२२ जून, शनिवार

इंटरनेट तोडले, लॅपटॉप बंद केला, खोलीला कुलूप लावून काकूंकडे जेवायला गेलो. तीनला परत येऊन इंटरनेट जोडले, आकडे पाहिले. दोन चाळीसला वाचक एक. एकूण एक्केचाळीस डॉलर.

कीबोर्डवर निळे डाग होते. माझे हात स्वच्छ होते, दोन्ही बाजूंनी पाहिले.

२६ जून, बुधवार

काकांना सांगितले. या वेळी हसले नाहीत. लेख काढ, रुमाल झाकणावर ठेव, म्हणाले.

“आजच काढ रे अप्पा. ती नांद सुम्ने, फुकट, काही देत नाही.”

अडुसष्ट डॉलर झाले आहेत. लेख काढला तर पुन्हा दिवसाला अर्धा सेंट. आईचा फोन आला होता, लग्नाला बांगड्यांविना, मोकळ्या हातांनी गेली म्हणाली. काकांना म्हटले, काढतो. शंभर झाले की.

२९ जून, शनिवार

नखे निळी. साबण, लिंबू, रॉकेल — निघत नाही. रुमाल तीन आठवडे हातात घेतलेला नाही.

सत्त्याऐंशी.

१ जुलै, सोमवार

शंभर झाले. लेख काढला. रुमाल झाकणावर ठेवला, हात जोडले.

दोन चाळीस — वाचक एक. लेख नाही, तरी —

रुमाल पांढरा पडला आहे. धुतल्यासारखा नाही. कधी रंगवलाच नव्हता तसा. आणि माझे मनगट —

२ जुलै, मंगळवार, दुपारचे २.३८

काकांना हाका मारल्या. दार आतून लागले आहे — मी लावले नाही. झाकण वीतभर सरकले आहे. हिशेब लिहून ठेवतो, आईला कळावा.

खर्च: लॅपटॉप २४,०००. भाडे २,०००. इंटरनेट ५९९. नीळ १८०. रुमाल ४०. एकूण २६,८१९.

जमा: १०० डॉलर, म्हणजे साधारण ८,३००. अजून हातात नाहीत.

देणे: बांगड्यांवरचे कर्ज २४,०००, व्याज वेगळे.

देणे, नांदेचे: पहिला कपडा, नग एक. रुमाल ती घेत नाही, आता रंगलेला कपडा मीच. रंग दंडापर्यंत चढला आहे, खांदा अजून —