बहिऱ्या माश्या

३ मार्च
दुपार माश्यांच्या बाटल्या बदलण्यात गेली. पाठ भरून आली. या माश्या बहिऱ्या. माशी कोषात असताना तिच्या डोक्यावरच्या स्पर्शिकांत काही पेशींची निवड होते, त्या विभागतात आणि त्यांतून ऐकण्याचे चेतातंतू तयार होतात. यांच्यात एक जनुक बंद आहे, म्हणून निवडच होत नाही. नराच्या पंखांचं गाणं स्पीकरवर लावलं. साधे नर एकमेकांमागे धावायला लागले. हे ढिम्म.

६ मार्च
आमची शर्वरी दीड वर्षाची झाली. अजून एक शब्द नाही. सासूबाई म्हणाल्या, "धैर्यशीलही उशिराच बोलला. तू माश्यांतून डोकं वर काढ जरा." 

११ मार्च
धैर्यशील वाघोडियाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला आणि झोपला. शर्वरी खिडकीशी खेळत होती. कुकरची शिट्टी झाली. तिने बघितलं नाही. मी मागे जाऊन ताट आपटलं. आतल्या खोलीतून धैर्यशील धावत आला — तिने मान वळवली नाही.
लॅबमध्ये हेच तर बघते मी रोज. मला पगार याचाच मिळतो.

१५ मार्च
शर्वरीला झोपवून कानांची तपासणी केली. दोन्ही कान गेलेले, जन्मापासूनच. ऑपरेशन करून यंत्र बसवता येतं म्हणे, पण आधी स्कॅन.

२२ मार्च
डॉक्टरांनी स्कॅनच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि गुजरातीत म्हणाले, "नस ज नथी, बेन."
ऐकण्याची नसच नाही. म्हणजे यंत्राचा उपयोग नाही. धैर्यशील रिक्षात माझा हात धरून बसला. 
घरी सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या माश्यांमधून काही उपाय निघेल ना गं?"
"नाही, आई."
"मग इतकी वर्षं बघतेस काय?"
"तंतू कसा तयार होतो ते."
"आणि नाही झाला तर?"
 भाकरी थापत राहिले.

२३ मार्च
लॅबला गेले नाही. नुसती पडून.

२ एप्रिल
सासूबाई कुणाला न विचारता मूकबधिर शाळेतल्या बाईंना घरी घेऊन आल्या. आता रोज दुपारी दोघींना हातांच्या खुणांची शिकवणी. नातीपेक्षा आजीच जास्त चुका करते म्हणे. मला शिकायला वेळ नाही. खरं तर धीर नाही.

१९ मे
आज शर्वरीने हाताने पाणी मागितलं. पहिला शब्द! मी लॅबमध्ये होते. संध्याकाळी आल्यावर तिने मला तीच खूण केली. मी पेला भरून दिला, तर तिने तो बाजूला सारला आणि माझे हात धरून मला ती खूण करायला लावली.