बंड्याला मी जत्रेत ओढत नेलं

प्रिय आबा,

तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी, म्हणून लिहितेय. परवा रवळनाथाच्या जत्रेला तुमच्या बंड्याला नेलं, आणि तिथे चारचौघांत तुमच्याबद्दल खोटं बोलले. तुम्ही जाऊन पाच महिने झाले. पहिलं पत्र, तेही असलं!

तुमची ती शिकवणी आठवते. फटाका वाजला की पलंगाखाली शिरणारा हा बंड्या कुत्रा. दर आठवडी बाजाराला तुम्ही त्याला घेऊन निघायचात, पण बसायचात मात्र लांब, एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर. त्याला सुक्या कोळंबीचे सोडे भरवत. पुढच्या आठवड्यात दहा पावलं पुढे. मी किती हसायचे! "आबा, बाजार करूक जातास की कुत्र्याक बाजार दाखवूक?"

"कान मागे गेले काय थांबाचा गो," तुम्ही म्हणायचात. "ओढून न्हेव नको. आपणहून पाऊल टाकता काय बघ."

वर्षभरात तो मासळीवाल्यांच्या कलकलाटात शेपटी हलवत उभा राहायला लागला. जत्रा तेवढी राहिली होती.

ती मी उरकायला निघाले. ओरोसच्या ऑफिसात फाइली उरकते तशी! गर्दीत त्याचे कान मागे गेले, मी पाहिलं. मागे खेचत होता, तेही पाहिलं. तरी ओढलं, कारण मानकरी खास त्याच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालणार होते.

"ह्या मुक्या जीवाक धीर दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शे-दोनशे माणसं एकदम गरजली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा, बरोब्बर त्याच्या डोक्यावर. धीर मिळावा म्हणून कुत्र्याच्या कानात बोंबलणारी बाई पाहिलीत कधी?

तो जागीच मुतला. लोक फिदीफिदी हसले. पट्ट्यातून मान सोडवून तो पळाला, आणि मी लाजेने म्हटलं, "आबांनी लाड करून वाया घालवल्यानी त्येका."

शेजारची देवकीकाकी तेवढी बोलली, "गेलेल्या माणसार कशाक ढकलतंस गो?"

संध्याकाळी तो किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत सापडला. आता जेवतो, पण मी खोलीत आले की उठून जातो. तुमची वर्षाची मेहनत मी एका आरोळीत घालवली, आबा. तुम्ही मला नीट बजावून का नाही ठेवलंत? छे! बजावलंत की. मीच शहाणी.

येत्या सोमवारी देवळात सगळे जमतील. त्याच अंगणात उभी राहून सांगेन, चूक माझी होती, आबांची नव्हे. खोटं बोलले होते तेवढ्याच मोठ्याने सांगेन.

बंड्याला मात्र घरीच ठेवीन. माझ्या माफीसाठी त्याला पुन्हा गर्दी कशाला?

तुमची चुकलेली,
सुमी