न शिवता पाहिलेली आग

आई, काल सोलापुरात माझ्या जुन्या कॉलेजात मी भाषण दिलं. रिक्षा तू नोकरी करायचीस त्या दवाखान्यावरूनच गेली, आणि सकाळपासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली. मी काय काम करते, ते तू पाहिलंच नाहीस.

शाळा सुटली की मी तुझ्या एक्स-रे विभागाबाहेर बाकावर बसायचे. एकदा मैंदर्गीचे एक आजोबा खोकत आले. तू त्यांच्या छातीचा फोटो काढलास, फिल्म धुऊन उजेडाला धरलीस आणि त्यांना परत आत बोलावलंस. ते वैतागले. "एक काढला की बाई, आनि कशाला?" तू हसून म्हणालीस, "हृदयाच्या मागं काय लपलंय ते समोरनं दिसत न्हाय, आजोबा. जरा आडवं वळून हुबं ऱ्हावा." तेवढ्यात मी दारातून डोकावले, आणि तू ओरडलीस, "मागं हो आदी! दार लाव!" ते किरण माझ्या अंगावर येऊ नयेत म्हणून तू ओरडलीस, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी नुसती रडले होते.

आता मी जिथे आहे, तिथे सूर्यात तयार होते तशी ऊर्जा मिळवायला बांगडीसारख्या एका प्रचंड पोकळ कड्यात वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवतात आणि चुंबकांनी अधांतरी धरून ठेवतात. आत काही घालून मोजता येत नाही, घातलं की जळालंच. पण तो वायू स्वतःच एक्स-रे सोडतो. कड्याभोवतीचे डिटेक्टर ते निरनिराळ्या बाजूंनी टिपतात, आणि त्यावरून गणितानं आतलं चित्र उभं करायचं, हे माझं काम.

गेल्या हिवाळ्यात तो वायू तापला की मध्येच विझायचा. माझ्या चित्रात त्याचा सर्वांत तापलेला भाग मधोमध नव्हता, एका अंगाला सरकून हेलकावत होता. आमचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, हा तुमच्या गणिताचा खेळ आहे. खालच्या बाजूला डिटेक्टरच कमी आहेत." शंका रास्त होती. मी म्हटलं, "मग खालून आणखी बसवू या. चित्र बदललं, तर चूक माझी." यंत्र उघडायचं म्हणजे सगळ्यांचं काम थांबणार आणि खापर माझ्यावर फुटणार. तरी मी हटले नाही. नवे डिटेक्टर लागले, आणि तो भाग चित्रात तिथेच, तसाच हेलकावत होता. प्रमुखांनी जुनं आणि नवं चित्र पडद्यावर शेजारी लावून पाहिलं. मग म्हणाले, "सरकलाय खरा." त्याप्रमाणे चुंबकांचा जोर बदलला, आणि वायू टिकला. त्या दिवशी मी कुणाच्या नजरेची काळजी न करता पोटभर जेवले.

काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्याच्यापासनं वीज कधी मिळणार?" मी म्हटलं, कदाचित माझ्या हयातीत नाही, पण मिळेल. एक मात्र तिला बोलले नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगते. वीज कधीच मिळणार नसती, तरी मी हेच काम धरलं असतं. काळ्या पडद्यावर आतलं हळूहळू उमटायला लागतं ना, ते बघायला मला आवडतं, बस. तूही सगळ्यांना सांगायचीस, पगारासाठी जाते म्हणून. मला ते कधी खरं वाटलं नाही.