माझा फोन गाडीत वाजते

रीना,

ही चिठ्ठी तुझ्या शिलाईच्या डब्यात ठेवली, त्यात दुसरं कोणी हात घालत नाही.

सकाळी तू कालेजातून मैत्रिणीच्या फोनवरून बोलत होती, तेव्हा तुझा आवाज मधातच गेला. मले वाटलं टावर गेला. पण मागं बारशाले जाताना तुझ्या दादानं गाण्यासाठी माझा फोन ब्लूटूथनं गाडीच्या टेपले जोडला होता, तो तसाच राहिला. त्यानं अंगणात गाडी चालू केली आन् तुझं बोलणं गाडीतल्या स्पीकरवर गेलं. बाजूले बाबा बसले होते. शुक्रवारची कोर्टातल्या लग्नाची तारीख, विवेकचं नाव, सालेकशातलं घर, सगळं दोघांनी ऐकलं.

कोणीच ओरडलं नाही. हात धुऊन जेवाले बसले. बाबांनी दुसऱ्यांदा भात मागतला. आता पोराचं घर पाहून येऊ म्हणतात, मलेही सोबत नेऊन राहिले. डिक्कीत काय ठेवलं ते मले पाहू दिलं नाही.

आम्ही वाटेतल्या गोरेगावात डिझेल भरून जाऊ, तेवढाच वेळ आहे. शेजारच्या मनकर्णाबाईच्या फोनवरून विवेकले सांग, घरातून निघून जा म्हणावं. तूही इथं थांबू नको.

मले फोन करू नको. तो तुझ्या दादाच्या खिशात आहे. वाजला तर गाडीत वाजेल, आन् आम्ही तिघंही ऐकू.

अल्का वहिनी