पदरावर थाळीएवढं चक्र

जरीपटका, नागपूर
१२ सप्टेंबर

चिरंजीव मेघास आजीचा जयभीम.

आम्ही समदे धडधाकट. तुह्या आईचे गुडघे दुखतात (काम सांगितलं की जास्त). तू पुण्यात जेवतेस की नुसते फोटोच काढतेस? मागच्या फोटोत गालाची हाडं आधी दिसली, मंग तू. फोन काहून नाही केला म्हणशील, तं या घरात फोन माह्या हातात आला की साऱ्यायचे कान लांब होतात.

आपल्या भरतकामाच्या मशीनचा कंप्युटर बिघडला. सहा वर्षांआधी तुह्या बापानं ती जुनी मशीन आणली, तेव्हापासून मीच चालवते. खडखडाटानं त्याचं डोकं दुखते, तो माल पोचवते अन् स्क्रीनकडे पाहत नाही. दुसरी पास बाई इंग्रजीवर मशीन चालवते, हे साऱ्या वस्तीले माहीत आहे (मीच सांगितलं). कंप्युटर हळू चालून राहिला म्हणून कोपऱ्यावरचा दुकानदार सुशील येऊन कचरा साफ करून गेला. सकाळी पाहते तं स्क्रीनवरच्या बटनांवरची सारी अक्षरं गायब, नुसते रिकामे चौकोन, फोटो काढून नेलेल्या फ्रेमांसारखे.

अन् इथं महिला मंडळाच्या साठ पांढऱ्या साड्या पडल्या आहेत. पदरावर सुपारीएवढं निळं चक्र पाहिजे, चौदा ऑक्टोबरले नेसून दीक्षाभूमीवर जायचं. मी अंदाजानं एक चौकोन दाबला. चक्र निघालं थाळीएवढं. मंडळाची अध्यक्ष प्रेमलता म्हणे, काहून वं, पदरावर सायकल काढली काय? वरून धमकी, आठ दिवसांत जमलं नाही तं साड्या इतवारी बाजारातल्या कारागिराले देतो.

सुशील परत आला. म्हणे, शब्द जागेवरच आहेत आजी, ते दाखवणारा फॉन्ट गेला. धागा आहे, सुई नाही. एवढं चांगलं समजावलं, पण सुई काही घातली नाही. बंद केला, चालू केला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तं चौकोनाच्या जागी प्रश्नचिन्हं आली (आता कंप्युटरच मले विचारून राहिला). शेवटी भाषा बदलून म्हणे, घ्या, इंग्रजी. ही कोणती इंग्रजी? माह्या इंग्रजीत हातपाय फाकवून उभा माणूस म्हणजे मोठं, अन् उभ्या काडीच्या दोन्ही बाजूले एकेक थेंब म्हणजे लहान. ही तं दुकानाच्या पाटीवरची इंग्रजी. मशीनची इंग्रजी आण म्हटलं, तं तो खुर्चीवर बसून हसला. काहून हसला ते इथं लिहायले जागा आहे, मन नाही.

बाकी बरं. जेवत जा.

तुही आजी,
प्रेमिला

ता.क. तुले पुण्यात बसून आमच्या कंप्युटरात शिरता येते म्हणतेस ना? तं रविवारी शीर अन् तो फॉन्ट बसव. तुही आई बाजारात गेली की मी फोन करीन.

ता.क. दुसरा. फॉन्ट चिनी पाहिजे. माही इंग्रजी चिनी निघाली. पाटीवरची वेगळी अन् मशीनची वेगळी असंन, जशी मोडी असते, असं मले वाटे. प्रेमलताले कळू देऊ नको. तिले मी दर शनिवारी इंग्रजी शिकवून राहिली. 'मोठं' अन् 'लहान' झालं.

ता.क. तिसरा. सुशीलवर रागावू नको. साफ करताना त्यानं विचारलं होतं, आजी, हे चिनी फॉन्ट काढू काय? मीच म्हटलं, काढ बाबा, इथं चिनी कोण वाचते.