साडीच्या दुकानातल्या उड्या

उमरखेड, रविवार संध्याकाळ

ज्या दुकानात मी बावीस वर्षं साड्या उलगडून दाखवल्या, तिथं आता लेकरं जाळीवर उड्या मारून राह्यली. धंदा बसला, इमारत विकतो म्हणून शेठनं आम्हा सहा जणींले घरी बसवलं. विकली कुठं? त्यानंच तिथं हे खेळघर काढलं, अन् आज उद्घाटनाले मलेच बोलावलं! माइकवर म्हणे, "शांताबाई घरच्याच. वाजवा बाई टाळ्या."

मी हात पदराखाली घेतले. विचारलं, "शेठ, आमच्याशी खोटं काहून बोलले?"

तेवढ्यात कोणीतरी जोरात टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. वळून पाह्यलं तर मंदा, माझ्याच काउंटरवरची, खेळघराचा पिवळा टी-शर्ट घालून. शेठपेक्षा तिचाच राग जास्त येऊन राह्यला. कायले?