द्वारकाबाईच्या नावाचा हंडा

।। श्री ।।

बारामती, ता. ९ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप दादांस,
कौसल्येचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वहिनींच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. यांची बदली इंदापूरच्या गोदामावर नक्की झाली. महिनाअखेर बिऱ्हाड हलवतो. आता आपलं वरकुटं गाव जवळ आलं, म्हणजे तुमची वांगी शिळी व्हायच्या आत आमच्याकडे पोचतील, असं हे म्हणतात.

मला इंदापूरला जाण्यापेक्षा इथून सुटण्याचाच आनंद जास्त आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी छबूबाई तुम्हाला ठाऊक आहे. नवरा गेला, लेक सासरी गेली, आणि बाईनं घरात भंगार भरायला घेतलं. फुटक्या घागरी, मोडक्या बाजा, काकवीचे गंजके डबे, गुळाच्या ढेपांवरची चिकट फडकी. बाजारात कुणी काही टाकलं की हिनं उचललंच. त्या फडक्यांच्या मुंग्या भिंतीतून माझ्या पिठाच्या डब्यात येतात. बोललं तर म्हणते, लागतं कधीतरी.

आणि त्याच ढिगात आपल्या आईचा हंडा आहे. माझ्या लग्नात तिनं स्वतःच्या चुलीवरचा काढून दिलेला, द्वारकाबाई असं नाव कोरलेला. लेकीच्या बाळंतपणात पाणी तापवायला म्हणून छबूबाईनं नेला, तो परत नाही. तो नातू आता शाळेत जायला लागला. मागितला की म्हणते, "जायच्या दिशी देते की. पळून चाललीय व्हय मी?" दादा, आईची माझ्यापाशी एवढी एकच वस्तू उरली आहे. ती घेतल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही.

मुलांना आशीर्वाद. या धाकट्या बहिणीवर माया आहे ती अशीच राहू द्या.

तुमची,
कौसल्या


वरकुटे, ता. १६ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. कौसल्येस,
हिंदुरावाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. मिरची बरी धरली आहे. तुझी वहिनी म्हणते, नणंदबाई जवळ येतायत, आता गुडघा आणखी दुखणार. रागावू नकोस, तिनं तुझ्यासाठी सांडगे घालायला घेतलेत.

हंड्याचं वाचून मात्र माझं डोकं फिरलं. आईनं उभा जन्म त्या हंड्यात पाणी तापवलं. तो त्या बाईच्या उकिरड्यात पडून राहायचा? तू लहानपणापासून बोलण्यात वाघीण आणि करण्यात शेळी. तिच्या तोंडाला लागू नकोस. ती बाजारात गेली की दोन बायका बरोबर घे, कडी काढ आणि हंडा उचल. आपली वस्तू आपण घ्यायची, त्यात चोरी कसली?

दाजींना, सर्जेरावांना, रामराम. पोचल्यावर दोन ओळी टाक, म्हणजे जीव भांड्यात पडेल.

तुझा,
हिंदुराव


इंदापूर, ता. ३ मार्च १९५७

तीर्थस्वरूप दादांस,
कौसल्येचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचलो. हंडा आणला.

तुम्ही म्हणालात तसंच केलं. निघायच्या दिवशी छबूबाई बाजारात गेली, तशी मी गल्लीतल्या सरुबाईला आणि रंगूबाईला घेऊन आत शिरले. हंडा पार आतल्या कोपऱ्यात होता. वाट करायला आधी डबे बाहेर काढले, मग बाजा, मग फडक्यांचे गठ्ठे. एकदा हात लागला तसा बायकांना चेव आला. सगळं घर रस्त्यावर आलं. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली, तिच्यात सरुबाईनं ते भरूनही दिलं. मी नको म्हटलं नाही. त्या मुंग्या मी फार सोसल्या आहेत.

हंड्याला धुतलेलं फडकं बांधलं होतं. सोडून बघते, तर गळ्यापर्यंत ज्वारी, कडुलिंबाचा पाला घातलेली. माझ्या आईच्या हंड्याची हिनं कणगी केली होती. मला असा संताप आला की हंडा दारात नेऊन पालथा केला. ज्वारी धुळीत सांडली ती सांडली, हंडा आमच्या सामानाच्या गाडीत टाकला. कोपऱ्यावर वळताना छबूबाई समोरून येताना दिसली. ओटीत काहीतरी होतं. हात वर करून थांब म्हणत होती. मी गाडीवानाला म्हटलं, हाक.

हे तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पुरुषांना घरातलं काय कळतं?

वहिनींना नमस्कार. तुमची माया पाठीशी असू द्या.

तुमची,
कौसल्या


वरकुटे, ता. १७ मार्च १९५७

चि. सौ. कौसल्येस आशीर्वाद.

मिरची घेऊन बारामतीच्या बाजाराला गेलो होतो. म्हटलं, त्या बाईला दोन शब्द सुनवावेत. गेलो, तर ती दारात बसून सुपातली धूळ पाखडत होती. धुळीतून ज्वारी निवडत होती, अजून. आत घर रिकामं, एक चूल तेवढी. मी कौसल्येचा भाऊ म्हटल्यावर तिनं उठून पाणी दिलं.

मग सांगितलं. बाजारात आडतीपुढं सांडलेलं धान्य ती झाडून आणते. निम्मं शिजवायचं, निम्मं तुझ्या हंड्यात टाकायचं. म्हणाली, "लेकीच्या येळंला दिलेला हंडा. रिकामा कसा धाडायचा? भरत आणला हुता." त्या दिवशी ती वर ठेवायला नारळ आणायला गेली होती. तिच्या ओटीत तो नारळ होता.

कौसल्ये, आपल्या घरातून शेजारच्यांची ताकाची वाटीसुद्धा कधी रिकामी परत गेली नाही. काही नसलं तर आई मिठाचा खडा घालायची. हे तू विसरलीस, आणि तुला आत शिरायला सांगणारा मीही विसरलो. मला माझी लाज वाटते. आता हंडा गव्हानं भर, वर नारळ ठेव आणि सर्जेरावांबरोबर धाड. हंडा तिच्याकडेच राहू दे. आई असती तर तिनं हेच सांगितलं असतं.

तुझा,
हिंदुराव


इंदापूर, ता. ७ एप्रिल १९५७

तीर्थस्वरूप दादांस,
कौसल्येचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्या पत्रानंतर मला घास गोड लागेना. हंडा चिंचेनं घासला, आईचं नाव लख्ख केलं आणि मनातून सोडून दिला. गव्हानं भरला, वर नारळ ठेवला. यांना परवा गोदामाच्या कामाला बारामतीला जायचं होतं, त्यांनी नेला.

संध्याकाळी परत आले ते हंडा खांद्यावर घेऊनच.

छबूबाईनं यांना बसवलं, गुळाचा चहा दिला. मग सरुबाईला आणि रंगूबाईला हाक मारली आणि सगळा गहू त्यांच्या पदरात घातला. शेवटचा दाणासुद्धा ठेवला नाही. नारळही रंगूबाईच्या ओटीत घातला. दोघींना नाही म्हणायचं धाडस झालं नाही. मग हंडा विसळला, आपल्या पदरानं कोरडा केला आणि यांच्या हातात दिला. म्हणाली, "तिनं रिकामाच न्हेला. आता रिकामाच असू दे."

हंडा चुलीशेजारी ठेवला आहे. त्यात पाणी भरायला माझा हात होत नाही.

काल इथली शेजारीण चंद्राबाई वाटीभर साखर घेऊन गेली. आज वाटी आली, तिच्यात दोन हिरव्या मिरच्या होत्या. मी त्या हातात धरून बसले. यांना वाटलं, तिखट डोळ्यात गेलं.

लोभ असावा असं लिहायला आज मला तोंड नाही. तरी तुमचा असू द्या.

तुमची,
कौसल्या